सरवा वेचणारी रूथ
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



सरवा वेचणे म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. कापणी झाली, पेंढ्या बांधल्या, गाडी खळ्यावर गेली, की रानात मागे काही कणसे पडून राहतात. ती वेचायला कोण जाते? ज्याच्या घरी रान नाही तो. बहुतेक वेळा बाईच जाते. म्हातारी जाते, विधवा जाते. मालक चांगला असला तर बघून न बघितल्यासारखे करतो. नसला तर बांधावरूनच ओरडतो.

आज अशाच एका सरवा वेचणाऱ्या बाईची गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या बायबलात आहे. बायबल म्हणजे पुष्कळ पुस्तकांचा एक गठ्ठा. त्याच्या पहिल्या भागाला जुना करार म्हणतात. तो भाग यहुदी लोकांचाही धर्मग्रंथ आहे. त्यात चार अध्यायांचे एक लहान पुस्तक आहे. त्याचे नाव रूथ. हे बाईचे नाव.

विश्वास, धैर्य आणि शील या विषयावर बोला, असे मला सांगण्यात आले. शब्द मोठे आहेत. नुसत्या शब्दांवर बोलत बसलो तर तुम्हांला झोप येईल. म्हणून म्हटले, माणूसच दाखवू.

यरुशलेम नावाचे प्रसिद्ध शहर आहे. त्याच्या दक्षिणेला, पायी दोन-तीन तासांच्या वाटेवर, बेथलेहेम हे गाव आहे. या नावाचा अर्थ भाकरीचे घर. पण त्या भाकरीच्या घरातच दुष्काळ पडला. तेव्हा अलीमलेख नावाचा एक माणूस, बायको नामी आणि दोन मुलगे यांना घेऊन, मवाब देशात जगायला गेला. मवाब म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेचा मुलूख. आज तो जॉर्डन देशात येतो.

तिकडे अलीमलेख वारला. मुलांनी तिकडच्याच मुली केल्या. एकीचे नाव अर्पा, दुसरीचे रूथ. दहा-एक वर्षे गेली. मग दोन्ही मुलगेही वारले. घरात तीन विधवा उरल्या. एक सासू आणि दोन सुना. मूल एकीलाही नाही.

पुढे नामीला कळले, की आपल्या गावी पुन्हा पीकपाणी झाले आहे. ती निघाली. सुनाही निघाल्या. वाटेत नामी थांबली आणि सुनांना म्हणाली, तुम्ही आपापल्या आईच्या घरी परत जा, पुन्हा लग्न करा. माझ्याजवळ तुम्हांला द्यायला काही नाही. तिघीही रडल्या. अर्पाने सासूचा मुका घेतला आणि ती माघारी गेली.

पुष्कळ लोक या अर्पाला नावे ठेवतात. मला ते पटत नाही. सासूनेच तिला जा म्हटले होते आणि ती रडत गेली. ग्रंथातही तिला बोल लावलेला नाही. ती गेली, यात काही पाप नव्हते. म्हणूनच रूथ गेली नाही, याला मोल आहे. तिच्यावर कसलीही सक्ती नव्हती.

रूथ सासूला बिलगली. ती म्हणाली, की तुम्ही जिथे जाल तिथे मी येईन. तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. जिथे तुम्हांला माती देतील तिथेच मलाही देतील. हे मी माझ्या शब्दांत सांगितले. मूळ बोलणे ज्याने त्याने वाचून बघावे. फार सुंदर आहे.

आता विचार करा. रूथने कुणा देवदूताला पाहिले नव्हते. तिला स्वप्न पडले नव्हते. या सबंध पुस्तकात एकही चमत्कार नाही. आकाशातून कुणी बोलत नाही. तिने देव पाहिला तो या म्हाताऱ्या सासूच्या घरात. आणि तिचा विश्वास म्हणजे काय, तर या म्हातारीला वाटेत सोडायचे नाही. एवढाच.

पुढची वाट सोपी नव्हती. मवाबच्या डोंगराळ पठारावरून खाली उतरायचे. तिथे मृत समुद्र. तो समुद्रसपाटीच्या खाली 400 मीटरहून अधिक खोल जागी आहे. मग पलीकडे पुन्हा चढ चढून बेथलेहेम. बरोबर पुरुष माणूस नाही.

दोघी गावात पोचल्या. बायका जमल्या. ही नामीच का, म्हणून विचारू लागल्या. नामी या नावाचा अर्थ गोड, सुखद असा आहे. ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. मी भरल्या हातांनी गेले होते, देवाने मला रिकामे परत आणले.

शाळेत ही गोष्ट सांगताना मी इथे नेहमी थांबत असे. मुलांना विचारत असे, नामी रिकामी आली म्हणते, मग शेजारी कोण उभे होते? रूथ उभी होती. माहेर, देश, सगळे सोडून आलेली. आणि सासू चार बायकांत म्हणते, माझ्याजवळ काही नाही! दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे भांडली असती. निदान रात्री तरी बोलून दाखवले असते. रूथ काही बोलल्याचे ग्रंथात नाही. नामी देवावर रागावली, याबद्दल तिला शिक्षा झाल्याचेही नाही. दुःखी माणूस कडू बोलणारच. ते ऐकून घेणारे जवळ कुणी असावे लागते.

दिवस सातूच्या कापणीचे होते. रूथ सासूला म्हणाली, मी सरवा वेचायला जाते. त्या लोकांत एक नियम होता. शेताच्या कडा पुऱ्या कापायच्या नाहीत. पडलेली कणसे मालकाने गोळा करायची नाहीत. ती गरिबांसाठी, परदेश्यांसाठी, पोरक्यांसाठी आणि विधवांसाठी ठेवायची. हा धर्मशास्त्रातला नियम. दयेवर सोडलेली गोष्ट नव्हे.

पण नियम कागदावर असतो आणि शेतात माणसे असतात. रूथ तरुण होती, एकटी होती आणि मवाबी होती. मवाबी लोकांशी त्यांचे जुने वैर. मवाबी माणसाला देवाच्या मंडळीत घेऊ नये, असेही त्यांच्या शास्त्रात लिहिलेले होते. गावात तिला कुणी नुसते रूथ म्हणत नसे. मुकादमाने मालकाला सांगितले तेव्हा तिचे नावही घेतले नाही. नामीबरोबर आलेली ती मवाबी पोर, एवढेच म्हणाला. पण त्याने एक गोष्ट खरी सांगितली, की ही सकाळपासून काम करते आहे.

शेताचा मालक बवाज. तो अलीमलेखच्याच भावकीतला, गावातला मोठा माणूस. शेतावर आला की तो आधी मजुरांना देवाच्या नावाने रामराम करी आणि मजूरही तसाच उलट करीत. यावरून घर ओळखावे. त्याने गड्यांना ताकीद दिली, या बाईला कुणी हात लावायचा नाही. तिला सांगितले, तहान लागली तर आमच्या माणसांनी भरलेल्या भांड्यांतले पाणी पी. जेवणाच्या वेळी तिला मजुरांबरोबर बसवले. भाकरी दिली, भाजलेले दाणे दिले. मग तिच्या पाठीमागे गड्यांना म्हणाला, पेंढ्यांमधून मुद्दाम थोडी कणसे ओढून टाका, तिला वेचू द्या, रागावू नका.

मुद्दाम टाका, हे बघा! हातात धान्य दिले असते तर ती भीक झाली असती. त्याने तिचे कष्टही राखले आणि मानही राखला. ज्याच्याकडे चार मजूर आहेत अशा कुणी ऐकत असेल, तर हा भाग घरी जाऊन पुन्हा वाचावा.

संध्याकाळी रूथने सातू झोडपून काढला. तो एक एफा भरला. एफा हे त्यांचे माप. आजच्या हिशेबाने सुमारे 22 लिटर. तेलाचा 15 किलोचा डबा भरून वर उरेल इतका. आणि दुपारच्या जेवणातले थोडे तिने सासूसाठी राखून आणले होते. हंगाम संपेपर्यंत, आधी सातूचा आणि मग गव्हाचा, ती रोज गेली.

पण हंगाम संपल्यावर काय? इथून गोष्ट अवघड आहे. नामीने तिला युक्ती सांगितली. आज रात्री बवाज खळ्यावर सातू उपणतो आहे. तू आंघोळ कर, चांगले लुगडे नेस, तो निजला की जाऊन त्याच्या पायांशी आडवी हो. मला ठाऊक आहे, हे ऐकून काही जण एकमेकांकडे बघतील. बघा खुशाल, पण पुढचेही ऐका.

मध्यरात्री बवाज दचकून जागा झाला. पायांशी बाई! कोण तू? ती म्हणाली, मी रूथ. आपल्या वस्त्राचा काठ माझ्यावर पसरा, कारण आम्हांला सोडवण्याचा हक्क तुमचा आहे. त्यांच्या रीतीत वस्त्राचा काठ पसरणे म्हणजे बायको म्हणून पत्करणे. आणि कुणाची जमीन हातची गेली, वंश खुंटला, तर जवळच्या भाऊबंदाने ते सोडवायचे, अशीही त्यांच्यात रीत होती.

यात एक बारीक गोष्ट आहे. हे पुस्तक हिब्रू भाषेत लिहिले आहे. त्या भाषेत पंख आणि वस्त्राचा काठ या दोहोंना एकच शब्द आहे. पहिल्या दिवशी शेतात बवाज रूथला म्हणाला होता, की तू ज्या देवाच्या पंखांखाली आलीस तो तुला फळ देवो. आता रात्री रूथ तोच शब्द त्याला परत देते. जणू म्हणते, देवाच्या पंखांचा आशीर्वाद दिलात ना? मग आता तुमचा काठ पसरा. अहो, केवढे हे धैर्य! गरीब, परकी, विधवा बाई गावच्या मोठ्या माणसाला म्हणते, तुम्ही प्रार्थना केलीत, आता ती तुमच्याच हातून पुरी करा.

त्या रात्री तिची अब्रू सगळी त्याच्या हाती होती. जवळ तिसरे कुणी नव्हते. त्याने तिचा गैरफायदा घेतला नाही. तो म्हणाला, माझ्याहून जवळचा एक भाऊबंद आहे, आधी त्याला विचारले पाहिजे. तो नाही म्हणाला तर मी आहे. आणि तो असेही म्हणाला, की तू कशी बाई आहेस हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. इथे हिब्रूमध्ये एक शब्द आहे, हयिल. मराठीत आपण त्याचे सद्‌गुणी, शीलवान असे करतो. पण तोच शब्द त्या भाषेत लढवय्याच्या बळासाठीही वापरतात. आणि याच पुस्तकात बवाजला मोठा माणूस म्हटले आहे, तिथेही तोच शब्द आहे. म्हणजे रानोमाळ कणसे वेचणारी मवाबी बाई आणि गावचा जमीनदार, दोघांना माप एकच लावले. आपण बाईचे शील म्हटले की मान खाली घालून घरात बसणे एवढेच धरतो. ग्रंथकर्त्याने तसे धरलेले नाही.

पहाटे, तोंड ओळखू येण्याआधी, बवाजने तिच्या पदरात सहा मापे सातू घातला आणि तिला घरी पाठवले.

सकाळी तो वेशीत जाऊन बसला. त्यांच्यात न्यायनिवाडा वेशीत होई. तो जवळचा भाऊबंद आला. बवाजने गावचे दहा वडीलधारे बसवले. म्हणाला, नामी अलीमलेखचे रान विकते आहे, तुम्ही सोडवता का? तो म्हणाला, सोडवतो. मग बवाज म्हणाला, रानाबरोबर रूथलाही पत्करावे लागेल, म्हणजे मेलेल्या माणसाचे नाव त्याच्या वतनावर राहील. झाले. गृहस्थाने हिशेब केला. पैसा माझा जाणार आणि उद्या रान तिच्या मुलाकडे जाणार. म्हणाला, मला जमत नाही, माझ्या वतनाला धक्का लागेल. पायातली वाहाण काढून दिली. व्यवहार सोडल्याची ती खूण होती.

आपले वतन सांभाळणाऱ्या या माणसाचे नाव पुस्तकात दिलेले नाही. बवाज त्याला हाक मारतो तीसुद्धा, अहो अमुक, इकडे या, अशी. ती मवाबी पोर मात्र नावानिशी राहिली. पुस्तकच तिच्या नावाचे झाले.

बवाजने रूथशी लग्न केले. मुलगा झाला. शेजारणी नामीला म्हणाल्या, ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. पहिल्या दिवशी नामीने जे म्हटले नाही, ते आता गावाने म्हटले. नामीने नातू मांडीवर घेतला. नाव ओबेद ठेवले, तेही शेजारणींनीच. ओबेदचा मुलगा इशाय, इशायचा मुलगा दावीद. हाच पुढे इस्राएल लोकांचा मोठा राजा झाला. नव्या करारात येशू ख्रिस्ताची वंशावळ दिली आहे. तीत बायकांची नावे फार थोडी आहेत. त्यांत रूथचे आहे. येशूचा जन्मही त्याच बेथलेहेमातला, असे शुभवर्तमानात सांगितले आहे.

आता तुम्हांला अक्षरे लागली आहेत, तेव्हा हे पुस्तक स्वतः वाचा. पंडिता रमाबाईंनी सबंध बायबल मराठीत केले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्या स्वतः तरुणपणी विधवा झाल्या होत्या आणि विधवांसाठी त्यांनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावला हे भाषांतर केले, तेही साध्या माणसाला कळेल अशा मराठीत. 1922 साली त्या वारल्या. भाषांतर 1924 साली छापून निघाले. दुसरी भाषांतरेही आहेत, मिळेल ते घ्या. पहिला अध्याय नावांमुळे थोडा अडेल. अडला तर दुसऱ्यापासून सुरुवात करा. त्यात कापणी आहे, पेंढ्या आहेत, दुपारची भाकरी आहे. शब्द सगळे ओळखीचे निघतील.