वर्गाचा होकार आणि रुग्णाची खाट



‘समजले का?’ असे विचारताच साऱ्या वर्गाने होकार द्यावा, हा आपला जुना परिपाठ. परंतु वाशीम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून अतिसाराने कोमेजलेले बालक खाटेवर येते, तेव्हा तो होकार कामास येत नाही.

म्हणून आम्ही वर्गात प्रतिसाद-पद्धतीचा आग्रह धरतो. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून ती रुजवली : प्रथम प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याशी चर्चा करावी आणि पुन्हा उत्तर द्यावे. त्यासाठी महागडी यंत्रेच हवीत असे नाही. प्लिकर्सचे कागदी कार्ड चार बाजूंनी धरता येते; प्रत्येक बाजू म्हणजे एक पर्याय. शिक्षकाचा एकच मोबाईल सर्व कार्डे वाचतो आणि कोणाचे काय चुकले हे शेजारणीस कळत नाही.

एक लिटरची ओआरएस पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर बालकाच्या रक्तातील सोडियम घातक प्रमाणात वाढू शकते. ही चूक वर्गातच उघड व्हावी. तेथे ती कोणाच्याही जिवावर बेतत नाही. लाजून गप्प राहिलेली चूक मात्र खाटेपर्यंत पोहोचते.