एकाचे दोन दिसले तर



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. माझ्या धाकट्या जावेला एकाचे दोन दिसू लागले. आम्ही दृष्ट काढली, चष्मा बदलला, वर्ष गेले. मग कवटीच्या तळाशी कॉर्डोमा नावाची दुर्मिळ गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतरही थोडी उरलीच.

टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचार होतात. नेहमीचे किरण गाठीपलीकडेही जातात. प्रोटॉन मात्र बांधीतले पाणी धुऱ्याशी थांबावे तसे ठरल्या खोलीवर थांबतात. मागचा मेंदू वाचतो. किरण दुखत नाहीत, पण कित्येक आठवडे तिथेच राहावे लागले.

आज ती रोवणीला जाते. कडेला पाहताना मात्र अजून दोनच दिसतात. ते आमच्या वर्षभराच्या उशिराचे मोल. बायांनो, तुम्ही थांबू नका.