पंप काढण्याआधी पाच लिटरचा कॅन लावून बघा

आजचा भाग जुन्या डिझेल पिकअपवर. जुन्या म्हणजे मेकॅनिकल पंपाच्या, कॉम्प्युटर नसलेल्या. आपल्या वैजापूर तालुक्यात अशा गाड्या अजून कांदा वाहतात.

तक्रारी ठरलेल्या असतात. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. रिकामी नीट पळते, माल भरला की ओढत नाही. चालता चालता बंद पडते. आणि मग कोणीतरी म्हणतं, "पंप गेला." आता पंप उतरवून संभाजीनगरला पाठवायचा म्हणजे हजारोंचा खर्च, वर तीन-चार दिवस गाडी उभी. ऐन कांद्यात हे परवडत नाही. म्हणून आज एवढंच बघू, की पंप खरंच गेलाय का हे घरी कसं ओळखायचं.

आधी डिझेलचा रस्ता समजून घ्या. टाकी, तिथून पाइप, मग फीड पंप, त्याच्यावर हाताने दाबायचा छोटा हँड पंप, मग फिल्टर, मग मोठा इंजेक्शन पंप, आणि शेवटी नोझल. फीड पंपाच्या अलीकडे डिझेल ओढलं जातं, पलीकडे ढकललं जातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली तपासणी फुकटची. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरकडे बघायचं. पांढरा धूर येतोय आणि गाडी चालू होत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाहीये. मग ग्लो प्लग असेल तर तो, कॉम्प्रेशन, टायमिंग बघा. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचतच नाही. आपला आजचा विषय हा दुसरा.

डिझेल न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे हवा. आपल्याकडे म्हणतात ना, "गाडीनं हवा धरली." नोझल उघडायला साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. डिझेल फारसं दबत नाही, म्हणून दाब लगेच तयार होतो. हवा मात्र दबते. पंप ढकलतो, हवा नुसती आकसते, नोझल उघडतच नाही.

आणि गंमत अशी, की ओढणाऱ्या बाजूच्या पाइपला चीर असली तर खाली थेंबही पडत नाही. तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. त्यामुळे "कुठंच गळत नाही, मग पंपच" हा हिशेब चुकतो.

आमच्या काकांच्या पिकअपचं असंच झालं. एका गॅरेजमध्ये पंप उतरवायला सांगितला. दुसरे मिस्त्री म्हणाले, "थांबा, आधी कॅन लावू." त्यांनी पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं, टाकीकडून येणारा पाइप फीड पंपाजवळ सोडला, तिथं नवी नळी लावून ती कॅनमध्ये टाकली. रिटर्नचा पाइपही कॅनमध्येच. हवा काढली, सेल्फ मारला, गाडी चालू! मग गोण्या भरून येवला रोडला चक्कर मारली, तरी नीट ओढत होती. म्हणजे फीड पंपापासून पुढचं सगळं ठीक, दोष मागच्या अर्ध्या भागात. शेवटी चेसिसला घासून चिरलेला रबरी पाइप सापडला. पाइप आणि दोन क्लिपा, काही शे रुपयांत काम झालं.

मी सॉफ्टवेअरवाला, आम्ही पण बग असाच शोधतो. रस्ता मधोमध तोडायचा आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. मिस्त्रींना ते कोणी शिकवलं नव्हतं.

कॅन लावताना तीन गोष्टी. कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा. वर टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आणि कमजोर फीड पंपही चांगला वाटतो. कॅन नीट बांधा, गरम सायलेन्सरपासून लांब. आणि जवळ बिडी-सिगारेट नको.

कॅनवर गाडी चांगली चालली तर मागे काय बघायचं? टाकीचं झाकण. हवेचं भोक बुजलं तर टाकीत ओढ तयार होते. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना "फुस्स" आवाज आला तर समजा. मग टाकीतला गाळ, तोंडाची जाळी, पाइप, क्लिपा. शेतावर ड्रममधलं डिझेल भरत असाल तर पाणी आणि माती हमखास येते.

कॅनवरही तीच तक्रार राहिली तर आधी फिल्टर बदला, बोल्टचे तांब्याचे वायसर नवे टाका. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करून हँड पंप दाबा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की दाबता दाबताच स्क्रू आवळा. हँड पंप दाबूनही डिझेल जोरात येत नसेल तर फीड पंप बघा. हे सगळं झाल्यावर मगच मोठ्या पंपाचा नंबर. त्याच्या आतले भाग काही मायक्रॉनच्या फटीत बसवलेले असतात. तो घरी खोलायचा नाही, पंपवाल्याकडेच द्यायचा.

आता महत्त्वाचं. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना. आणि कॉमन रेल इंजिनवर, मग ती एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ पिकअप असो की त्याआधीची, यातलं काही करू नका. तिथं दाब हजार बारच्या पुढे जातो, तिथं स्कॅनरच लागतो.

तर पुढच्या वेळी कोणी "पंप गेला" म्हणालं, की भांडू नका. फक्त विचारा, "दादा, कॅन लावून बघितला का?" हा भाग ड्रायव्हर मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!