देवमाशाहून मोठें भय

रॉन हॉवर्ड यांचा 'इन द हार्ट ऑफ द सी' हा चित्रपट २०१५ सालीं पडद्यावर आला. नॅथॅनिएल फिलब्रिक यांच्या त्याच नांवाच्या इतिहासग्रंथाचा त्याला आधार आहे, आणि त्यांतील आपत्ति अक्षरशः खरी आहे.

१८१९ च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील नॅनटकेट बेटावरून 'एसेक्स' जहाज देवमाशांच्या शिकारीस निघालें. त्या काळीं देवमाशाच्या तेलावर शहरोशहरीं दिवे जळत. कप्तान जॉर्ज पोलार्ड याची कप्तान म्हणून ही पहिलीच सफर. २० नोव्हेंबर १८२० रोजीं, दक्षिण अमेरिकेपासून सुमारें २००० मैलांवर, भर पॅसिफिक महासागरांत एका प्रचंड देवमाशानें जहाजाला दोनदां धडक दिली. पोलार्ड तेव्हां होडींतून शिकारीवर गेला होता. तो परततो तों जहाज कलंडलेलें! हा प्रसंग चित्रपटांत विलक्षण प्रभावी उतरला आहे. पुढें मात्र तो देवमासा होड्यांचा पाठलाग करतो, ही निव्वळ कल्पना होय. वैऱ्यावांचून नाट्य नाहीं, अशी निर्मात्यांची समजूत असावी.

खरा वैरी होड्यांतच बसला होता. वीस माणसें, तीन होड्या, सुमारें ६०० रत्तल कडक बिस्किटें आणि थोडें गोडें पाणी, एवढाच संसार. पश्चिमेस ताहितीच्या बाजूला जावें, असें पोलार्डचें मत होतें. वाराही तिकडेच नेणारा. परंतु पहिला मेट ओवेन चेस व दुसरा मेट मॅथ्यू जॉय यांना तिकडील बेटांवर नरभक्षक असतील अशी धास्ती. ताहितीवर १७९७ सालींच इंग्रज मिशनरी उतरले होते, ही वार्ता त्यांच्या मनापर्यंत पोहोंचली नव्हती. पोलार्डनें त्यांचें ऐकलें, आणि दूरच्या दक्षिण अमेरिकेचा उलटा मार्ग धरला.

वाटेंत हेंडरसन बेट लागलें. तिघे तेथेंच राहिले. उरलेल्यांच्या होड्यांत अन्न संपलें. मृत सोबत्यांच्या देहांवर दिवस काढण्याची पाळी आली. नरभक्षकांना भिऊन निघालेली तीं माणसें! पोलार्डच्या होडींत तर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठी निघाली ओवेन कॉफिनची, कप्तानाच्या नात्यांतल्या तरुणाची. त्याच्याऐवजीं आपण मरतों, असें पोलार्डनें म्हटलें. पण तो पोरगा ऐकेना. १८२१ च्या फेब्रुवारींत दोन होड्यांतले पांच जण सुटले, आणि एप्रिलमध्यें बेटावरचे तिघे. वीसांपैकीं आठ.

चेसनें त्याच वर्षीं हकीकत छापली. ती वाचून हर्मन मेल्व्हिल यांना 'मोबी डिक'ची प्रेरणा मिळाली. चित्रपटांत मेल्व्हिल १८५० सालीं म्हाताऱ्या थॉमस निकर्सनकडून ही कथा काढून घेतात. ती भेट कल्पित आहे. खरी भेट पोलार्डशीं झाली. त्याचें दुसरें जहाजही १८२३ सालीं बुडालें होतें, आणि नॅनटकेटांत तो रात्रीचा पहारेकरी झाला होता. मेल्व्हिल त्याला १८५२ सालीं भेटले. तोंवर 'मोबी डिक' प्रसिद्ध झालेली होती.