परळमध्ये आपलं स्वागत



स्वागताध्यक्षानं थोडक्यात बोलावं आणि जेवणाची व्यवस्था चोख ठेवावी, एवढीच लोकांची अपेक्षा असते. जेवणाची हमी देतो. थोडक्याचा प्रयत्न करतो.

मी डॉक्टर नाही, परळचा रहिवासी आहे. इथल्या गिरण्यांचे भोंगे थांबले. केईएम आणि टाटा रुग्णालयांच्या दारातली गर्दी मात्र हटली नाही. मरणासन्न रुग्णाशी कसं वागावं, या प्रश्नावरची परिषद परळमध्ये भरतेय याला अर्थ आहे. कारण त्याबाबतचा आपला कायदा केईएममधल्या एका खाटेपाशी घडला.

अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरी सांभाळलंय, त्यांना याचं मोल कळेल. अरुणा यांचं अन्न थांबवावं, हा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये फेटाळला. परिचारिकांचाही त्याला विरोध होता. पण त्याच निकालानं, ठरावीक परिस्थितीत आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीनं, इतर रुग्णांना कृत्रिमपणे जगवणारे उपचार थांबवायची वाट उघडली. तेव्हा पुष्कळ वाद झाले. मला विचाराल तर परिचारिकाही बरोबर होत्या आणि ती वाटही हवीच होती.

पुढे २०१८ मध्ये सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य झाला, लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या उपचारांबाबत आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, कायद्याचा आधार मिळाला. २०२३ मध्ये त्यावरच्या मॅजिस्ट्रेटच्या सहीची अट गेली.

कायदा झाला, पण बोलणं अजून व्हायचंय. आयसीयूबाहेर मुलगा म्हणतो, ‘काय लागेल ते करा, पण बाबांना काही सांगू नका.’ डॉक्टर म्हणतात, ‘सीरियस आहे, बघू.’ आणि बाबा आत सगळं ओळखून गप्प असतात. या लपवाछपवीत बिल वाढतं, शेवटचे दिवस नळ्यांत जातात. मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा करणारं वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून सुरू आहे. तरी तिथं जायचं म्हणजे हात टेकले, असंच घरोघरी समजतात. तेव्हा डॉक्टरसाहेब, पुढचे दोन दिवस कलमांचा कीस जरूर पाडा, पण नातेवाइकाला खुर्ची देऊन, समोर बसून पहिलं वाक्य काय बोलायचं, तेही आम्हाला ऐकवा.

बाहेर नोंदणीच्या टेबलाशेजारी लिव्हिंग विलचे नमुने ठेवलेत, नोटरीही बसलेत. दोन साक्षीदार लागतात. एवढ्या सभागृहात तेवढे मिळायला हरकत नाही. माझ्या कागदावर सौभाग्यवतींनी आधी भांडून मग होकार दिला. जेवण दीड वाजता, तळमजल्यावर.