पासपोर्टवर धर्माचा रकाना नसतो
(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधी एक काम करू. ज्यांच्या घरातलं कुणीतरी आज आखातात आहे किंवा पूर्वी होतं, त्यांनी हात वर करा. जवळपास सगळेच. साहजिक आहे. खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन, कुठल्याही मोहल्ल्यात जा, दर दोन घरांमागे एक माणूस ‘बाहेर’ असतो.

आता हात खाली घेऊ नका. त्या माणसाच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स ज्यांच्या घरात आहे, त्यांनीच हात वर ठेवा. किती राहिले? सात. आणि नोकरीच्या कराराची प्रत? एक. ताई, तुम्हाला शाबासकी. आज मी जे सांगणार आहे, ते या खाली गेलेल्या हातांबद्दल आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सहा वर्षं दुबईत नोकरी केली. राहायला शारजात होतो, भाडं कमी म्हणून. एका गुरुवारी रात्री आमच्या गावच्या एका मुलाचा फोन आला. वय बावीस, फर्निचरच्या कारखान्यात कामाला. “भाई, तीन महिने पगार नाही. पासपोर्ट कंपनीकडे आहे. मी काय करू?”

मी काय सांगितलं असेल? मी म्हणालो, “उद्यापासून कामावर जाऊ नकोस. बॅग भर आणि माझ्या रूमवर ये. मी बघतो.”

मला वाटलं, मी त्याला आधार देतोय. मग मी आमच्या कोकणी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज टाकला, दोन ओळखीच्यांना फोन केले. कंपनीच्या मॅनेजरला मी स्वतः फोन करायचो, तो म्हणायचा, पुढच्या आठवड्यात देतो. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी कळलं की कंपनीने त्याच्याविरुद्ध कामावरून पळून गेल्याची तक्रार केली आहे. अमिरातीत कामगार सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला, ठावठिकाणा कळला नाही, तर मालक अशी तक्रार करू शकतो. पगार बुडवला कंपनीने, आणि कागदावर फरार झाला तो मुलगा. त्याला फरार करण्यात माझा हात होता, कारण कामावर जाऊ नकोस हे मीच सांगितलं होतं.

त्या अकरा दिवसांत मी कॉन्सुलेटला एक फोनही केला नव्हता. का केला नाही, याचा मी नंतर खूप विचार केला. एक कारण साधं होतं. कॉन्सुलेट म्हणजे पासपोर्ट रिन्यू करायची जागा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दुसरं कारण सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मनात होतं, आपलं कोण ऐकणार? नाव बघून फाईल बाजूला ठेवतील. ही शंका हवेतून आलेली नाही. शहरात भाड्याने घर शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. मीही पाहिलंय. पण त्या अनुभवावरून मी एक दार न ठोठावताच बंद आहे असं ठरवून टाकलं होतं. किंमत मोजली दुसऱ्याने.

मला जागं केलं आमच्या मंडळातल्या एका चाचांनी. वीस-पंचवीस वर्षं तिथे राहिलेले, कुणाची मय्यत झाली की सगळ्यात आधी पोचणारे. मी त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी एकच प्रश्न विचारला. “बेटा, कॉन्सुलेटला कळवलंस का?” मी गप्प. ते म्हणाले, “मग तू अकरा दिवस केलंस काय? आम्ही काय जादू करतो असं वाटतं का तुला? आम्ही फक्त माणसाला योग्य खिडकीपर्यंत नेतो.”

दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. अमिरातीत कुठूनही ८०० ४६३४२ हा टोल-फ्री नंबर लावा. फोनच्या बटणांवर ते आकडे म्हणजे ‘इंडिया’ ही इंग्रजी अक्षरं होतात, म्हणून लक्षात राहतो. मी लावला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत विचारलं: पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव, आणि तिथल्या कामगार मंत्रालयात तक्रार केली आहे का? कुठल्या गावचे, कुणाचे, कुणाच्या ओळखीने, असलं काही नाही.

पासपोर्ट नंबर मुलाला पाठ नव्हता. गावी फोन केला. त्याच्या आईने, आमच्या चाचींनी, पत्र्याच्या पेटीतून एक चुरगळलेली झेरॉक्स काढली. बहिणीने फोटो काढून पाठवला. त्या रात्री मी भारतीय पासपोर्ट पहिल्यांदा नीट वाचला. नाव, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, जन्मस्थान, आई-वडिलांचं नाव, पत्ता. धर्माचा रकाना नाही. आणि माझा स्वतःचा पासपोर्ट उघडून पाहिला, तर सुरुवातीलाच भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातल्या सगळ्यांना विनंती आहे, की या माणसाला विनाअडथळा जाऊ द्या आणि त्याला लागेल ती मदत आणि संरक्षण द्या. दहा वर्षं मी ते पुस्तक खिशात घेऊन फिरत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. केंद्राच्या सल्ल्याने कामगार मंत्रालयात पगाराची तक्रार केली. मॅनेजरचे ‘पुढच्या आठवड्यात देतो’ हे मेसेज पुरावा म्हणून जोडले. मध्यस्थीच्या बैठकीत कंपनीने फरारीची तक्रार मागे घेतली, पासपोर्ट परत दिला, दोन महिन्यांचा पगार दिला. तिसऱ्या महिन्यावर त्याला पाणी सोडावं लागलं. तो महिना माझ्यामुळे गेला, असं तो मुलगा कधी म्हणाला नाही. मी म्हणतो.

आता या दाराच्या आत काय आहे, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट, कुठे जायचं. अमिरातीत अबुधाबी आणि अल ऐनवाल्यांसाठी अबुधाबीतली एम्बसी. दुबई, शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा, उम्म अल कुवैन यांच्यासाठी दुबईतलं कॉन्सुलेट. सौदीत रियाधला एम्बसी आणि जेद्दाला कॉन्सुलेट. मक्का-मदिना जेद्दाकडे येतात. चुकीच्या ठिकाणी गेलात की दोन दिवस जातात.

दुसरी गोष्ट, लेखी तक्रार. परराष्ट्र मंत्रालयाचं २०१५ पासून ‘मदद’ नावाचं पोर्टल आहे. तिकडे अडकलेला माणूस स्वतः तक्रार करू शकतो, आणि गावात बसलेले त्याचे घरचेही करू शकतात. नोंद क्रमांक मिळतो. वेळेत हालचाल झाली नाही तर तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. फोनवरचं बोलणं हवेत विरतं, नोंद क्रमांक राहतो. आणि परराष्ट्र मंत्रालयाला माहितीचा अधिकारही लागू आहे. सगळे अधिकारी मन लावून काम करतात असं मी म्हणणार नाही. फोन न उचलणारेही भेटतात. पण ज्याच्याकडे नोंद क्रमांक आहे, तो भांडू शकतो.

तिसरी गोष्ट, ते काय करू शकतात. पासपोर्ट हरवला किंवा कुणी दाबून ठेवला तर भारतात परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. आपल्याकडे त्याला आउटपास म्हणतात. आणि लक्षात ठेवा, पासपोर्ट कायदा १९६७च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो तुमचाही नाही, मग कंपनीचा कसा असेल? अगदी हलाखीत असलेल्या माणसाला तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, गरज पडली तर वकिलाची मदत, यासाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. हा निधी मुख्यतः परदेशात पासपोर्ट वगैरे सेवांसाठी आपण जी फी भरतो, तिच्यातल्या छोट्या रकमेतून उभा राहतो. म्हणजे तो आपल्याच लोकांचा पैसा आहे. मागताना मान खाली घालायची गरज नाही.

चौथी गोष्ट, ते काय करू शकत नाहीत. तुम्हाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाहीत. तुमचं कर्ज फेडणार नाहीत. कोर्टात तुमच्या बाजूने निकाल लावू शकत नाहीत. त्या देशाचा कायदा त्यांनाही पाळावा लागतो. पण अटक झाली तर भेटायला येऊ शकतात, वकिलाची व्यवस्था करू शकतात. कॉन्सुलर संबंधांबद्दलचा १९६३चा व्हिएन्ना करार आहे, त्याचं कलम ३६ हे सांगतं. अटक झालेल्याला हा हक्क विनाविलंब सांगणं हे तिथल्या अधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे.

हे कलम तुम्ही ऐकलेलं आहे. कुलभूषण जाधवांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताने याच कलमावर बोट ठेवलं. १७ जुलै २०१९ला न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की पाकिस्तानने या कलमाचा भंग केला. आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण तो हक्क शारजाच्या पोलीस ठाण्यात बसलेल्या आपल्या मंडणगडच्या मुलाचाही आहे, हे आपल्यातल्या किती जणांच्या मनात आलं? माझ्या तरी आलं नाही. मात्र त्या कलमात एक अट आहे. अटकेतल्या माणसाने मागणी केली, तर अधिकारी कॉन्सुलेटला कळवतात. म्हणून वाक्य पाठ करा: ‘मी भारतीय नागरिक आहे, माझ्या कॉन्सुलेटला कळवा.’ न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करण्याआधी हे वाक्य बोला.

एक अवघड विषय बोलायलाच हवा. मय्यत. परदेशात कुणाचा इंतकाल झाला, की गावातल्या घरात गोंधळ होतो. मय्यत इकडे आणायची की तिकडेच दफन करायचं? आपल्यात पुष्कळ जण तिकडेच दफन पसंत करतात. पण त्यासाठीही वारसांचं लेखी संमतीपत्र लागतं. भाऊ फोनवर हो म्हणाला, एवढ्यावर होत नाही. बायको, मुलं, आई-वडील यांचं म्हणणं कागदावर हवं. मय्यत आणायची तर मृत्यूचा दाखला, पोलिसांची परवानगी, कॉन्सुलेटमध्ये नोंद आणि पासपोर्ट रद्द करणं, अशी साखळी असते. अमिरातीच्या कामगार कायद्यात घरच्यांनी मागणी केली तर मय्यत मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा आहे. घरच्यांना हे माहीत नसतं आणि गावात वर्गणी सुरू होते. वर्गणीची नियत चांगलीच असते. पण जो खर्च मालकाने द्यायचा, तो मोहल्ल्याने का भरायचा? ती वर्गणी त्या विधवेच्या मुलांच्या शाळेसाठी वापरा.

आता जाण्याआधीचं. अर्धी संकटं इथेच, आपल्या गावात जन्माला येतात. एजंट म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे पोचलास की कामाचा व्हिसा करून देतो. हे ऐकलं की उठून निघून या. परवानाधारक एजंटची नावं ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येतात. तो सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि पावती द्यावीच लागते. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. त्यांना आखातात नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. ती कटकट वाटते, पण तिच्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजना येते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. व्हिजिट व्हिसावर कामाला गेलेला मुलगा या सगळ्याच्या बाहेर पडतो. शंका असेल तर मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन आहे. २०१७ पासून पासपोर्ट कार्यालय आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठीचं प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स कार्यालय तिथे एकाच छताखाली आहे.

केरळने परदेशातल्या आपल्या लोकांसाठी १९९६ मध्येच ‘नोर्का’ नावाचं स्वतंत्र खातं काढलं. तिकडच्या लोकांनी मागितलं, सरकारला जागं ठेवलं, म्हणून ते झालं. मागणी करायची सवय आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

मी जमातीच्या, मंडळाच्या विरोधात बोलत नाहीये. त्या चाचांशिवाय मला खिडकीच सापडली नसती. पण मंडळ तुम्हाला ओळखतं म्हणून मदत करतं. ज्याला कुणीच ओळखत नाही, त्या मुलाचं काय? सरकारने मदत करायची ती ओळखीवर नाही, नागरिक आहात म्हणून. आपण ती मागितलीच नाही, तर ‘आपलं कोण ऐकणार’ हे वाक्य आपणच खरं करून ठेवतो. मागितल्यावर कुणी दुजाभाव केलाच, तर नोंद क्रमांक घेऊन आपण सगळे मिळून जाब विचारू. पण आधी मागू तरी.

घरी जाऊन एवढं करा. एक पाकीट घ्या. त्यात बाहेर असलेल्या माणसाच्या पासपोर्टची, व्हिसाची, कराराची आणि विम्याची प्रत ठेवा. पाकिटावर कंपनीचं नाव, पत्ता, आणि त्या भागाच्या एम्बसी किंवा कॉन्सुलेटचा नंबर लिहा. अम्मीला, बहिणीला ते कुठे ठेवलंय ते दाखवा. ‘मदद’वर तक्रार कशी करायची, हे मोहल्ल्यातल्या निदान दोन मुला-मुलींनी शिकून घ्या. पुढच्या शिबिरात मी हाच प्रश्न परत विचारणार आहे, आणि तेव्हा हात मोजणार आहे.