बेताच्या पैशांत शोभेची दारू

दिवाळीत फटाके असावेत की नसावेत, हा वाद आज मला घालायचा नाही. तो घालणारे पुष्कळ आहेत. ज्याच्या घरात पोरंबाळं आहेत त्याला थोडी तरी शोभेची दारू आणावी लागतेच. त्याच्यापुढे प्रश्न असतो तो किती आणायची, कोणती आणायची आणि पैसे कुठून काढायचे, एवढाच. त्या माणसासाठी मी बोलणार आहे.

बिलोली, कुंडलवाडी, धर्माबाद, देगलूर या आपल्या भागात दिवाळी मोठ्या अडचणीच्या वेळी येते. सोयाबीन नुकते काढलेले असते, कापसाची पहिली वेचणी चालू असते, आणि आडतीवरची पट्टी हातात पडते न पडते तोच हरभऱ्याचे बियाणे व खत यांचा खर्च दारात येऊन उभा राहतो. २०२५ सालची गोष्ट तर ताजीच आहे. त्या ऑगस्ट-सप्टेंबरात नांदेड जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, उभी पिके पाण्यात गेली, आणि ऑक्टोबरात लक्ष्मीपूजन आले. अशा वर्षी बाप पोराला ‘यंदा नको’ म्हणतो. पण शेजारच्या अंगणात भुईनळा उडाला की पोर दारात उभे राहून बघत राहते. ते बापाला बघवत नाही, मग तो उधारीवर पिशवी भरून आणतो. ती उधारी टाळता यावी म्हणून हा सगळा हिशेब.

हिशेबाच्या आधी थोडी जुनी गोष्ट सांगतो, कारण ही हौस काही आजची नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर एक पुस्तिका लिहिली. ती १९५३ साली निघाली. पेशव्यांच्या बखरीतला एक मजेदार प्रसंग तिच्यात दिला आहे. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवले. तिथला राजा नगराबाहेर ‘दारूची लंका’ उभारी. रावण दारूचा, राक्षस दारूचे, वानर दारूचे, आणि हनुमंताच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत उडत घरामागून घर पेटवीत सुटे. तरुण पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली. मग पंधरा-वीस दिवसांत तशीच लंका पर्वतीच्या पायथ्याशी तयार झाली आणि अंधाऱ्या रात्री सगळ्यांनी ती टेकडीवरून पाहिली. दौलतीचा खर्च तो! आपल्याला एवढेच घ्यायचे की सगळ्या गावाने मिळून एक गोष्ट पाहिली. घरोघर थोडे थोडे उडवण्यापेक्षा गल्लीतल्या आठ-दहा घरांनी वर्गणी काढून एका मोकळ्या जागी एक तासभर शोभा केली, तर तेवढ्याच पैशांत पोरांना आठपट पाहायला मिळते. कमी पैशांत मजा वाढवण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही.

आता खरेदीकडे वळू. आपल्याकडे येणारा बहुतेक माल तामिळनाडूतल्या शिवकाशीचा. त्या मालाची एक खोड ध्यानात ठेवा. डबीवर छापलेली किंमत आणि दुकानदार घेतो ती किंमत यांचा फारसा संबंध नसतो. किंमत भरमसाट छापायची आणि मग सत्तर-ऐंशी टक्के सूट दिल्याचा फलक लावायचा, हा त्या व्यापाराचा रिवाजच होऊन बसला आहे. तेव्हा सूट किती हे विचारूच नका. हातात पडणारी डबी शेवटी कितीला, एवढेच विचारा आणि तीच डबी आणखी दोन दुकानांत विचारा. मांजरा ओलांडून बोधनला गेलात तर तिथेही भाव काढा. नावे मात्र तिकडची लागतील. आपला भुईनळा तिकडे ‘चिच्चुबुड्डी’ होतो. १९५६ साली भाषावार रचनेत बिलोली इकडे आली आणि बोधन तिकडे राहिले, पण बाजाराला ती हद्द कधी फारशी पटली नाही. एक सांगून ठेवतो, फटाक्यांची पिशवी घेऊन एसटीत किंवा आगगाडीत चढायला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. भरल्या गाडीत एक ठिणगी पडली तर काय होईल, याचा विचार करा.

भाव कळला तरी स्वस्त काय हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी माझी एक साधी रीत आहे, आणि शिक्षकबंधूंनी ती वर्गात गणित म्हणून घालावी. एक नग किती सेकंद पाहायला मिळतो ते धरा, आणि किमतीला एकूण सेकंदांनी भागा. समजा, पाच भुईनळ्यांची डबी शंभर रुपयांना मिळाली आणि एक नळा पंचवीस सेकंद उडाला, तर सव्वाशे सेकंदांचे शंभर रुपये, म्हणजे सेकंदाला ऐंशी पैसे. दहा फुलबाज्यांची पेटी चाळीस रुपयांना मिळाली आणि एकेक चाळीस सेकंद जळली, तर सेकंदाला दहा पैसे. आता सुतळी बॉम्ब घ्या. वात जळते तेवढा वेळ पोरं कान दाबून उभी, मग एक धडाका, आणि संपले! त्याला सेकंद धरायचे कुठून? माझे आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या बाजारातले घालून बघा, क्रम फारसा बदलणार नाही.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. काळी दारू म्हणजे शोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. जुने प्रमाण शेकडा ७५ भाग शोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळायला लागणारा प्राणवायू शोऱ्यातूनच मिळतो. बाहेरच्या हवेची त्याला गरज नाही. ही दारू तोंड उघडे असलेल्या नळ्यात भरली की ती वरून खाली सावकाश जळते आणि तिच्यातला लोखंडाचा कीस तापून फुले उडतात. तीच कागदात आणि सुतळीत घट्ट आवळली की वायूला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि वेष्टन फुटते. म्हणजे बॉम्बचे पैसे आपण बव्हंशी सुतळी फोडण्यासाठी देतो. यावरून हेही कळेल की पेटलेल्या फटाक्यावर डबा पालथा घातल्याने तो विझत नाही. आत प्राणवायू आहेच. उलट डबाच फुटून त्याचे तुकडे उडतात. पोरांना हा खेळ फार आवडतो, आणि डोळे जातात ते अशाच खेळांत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिच्यामुळेही पैसे वाचतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात एकमेकांना जोडलेल्या फटाक्यांवर, म्हणजे आपल्या माळांवर, बंदी घातली. बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. आणि दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. आपल्याकडे खरी हौस नरकचतुर्दशीच्या पहाटेची, तिची त्यात पंचाईत झाली खरी. पण रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना तशीही मनाई आहे, तेव्हा ती पहाट उटण्याला आणि पणत्यांना द्यावी. माळ बंद झाल्याचे मला दुःख नाही. हजाराची माळ म्हणजे बापाच्या दिवसभराच्या मजुरीचा पाहता पाहता झालेला कागदाचा कचरा.

‘हरित फटाके’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हरित म्हणजे हिरवा उजेड देणारे नव्हेत. उलट हिरवा उजेड येतो तो बेरियममुळे, आणि बेरियमच वर्ज्य आहे! आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने कमी धूर होईल अशी मिश्रणे बसवून दिली. त्यांतून निघणारे धुराचे कण निदान ३० टक्क्यांनी कमी असतात. डबीवर त्या संस्थेचे चिन्ह आणि मोबाइलने वाचायचा चौकोनी संकेत असतो. तो पाहून घ्या. दुकानही परवान्याचे, मोकळ्या मैदानातले बघा. नियमाप्रमाणे दोन तात्पुरत्या दुकानांत निदान ३ मीटर अंतर हवे आणि आत उघडा दिवा नको. २०१६ साली दिवाळीतच तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावर फटाका बाजाराला आग लागली, आणि शंभरावर दुकाने जळून गेली. गल्लीतल्या किराणा दुकानात तेलाच्या डब्याशेजारी ठेवलेले फटाके दोन रुपयांनी स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

धुराबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. ती ऐकून मलाही नवल वाटले होते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली निरनिराळे फटाके जाळून जवळच्या हवेतले सूक्ष्म कण मोजले. सर्वांत जास्त धूर कुणाचा असावा? नागगोळीचा! एका घनमीटरात ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत आकडा गेला. माळेचा ३८,५४०, फुलबाजीचा १०,३९०, भुईचक्राचा ९,४९० आणि भुईनळ्याचा ४,८६०. स्वस्त, बिनआवाजी, म्हणून जी आपण सर्वांत लहान पोराच्या हाती देतो, आणि जिच्यावर ते वाकून बघत बसते, ती ही गोळी. ती यादीतून अजिबात काढा. फुलबाजी मोकळ्या अंगणात, हात लांब धरून.

मग पाचशे रुपयांची वाटणी कशी करावी? मी अशी करीन. दोनशेच्या फुलबाज्या, दीडशेचे भुईनळे, शंभराची भुईचक्रे आणि उरलेल्या पन्नासांत टिकल्या, त्या वाजवायला पिस्तूल गेल्या वर्षीचे घरात असेलच. बाण एकही नाही. हे मी जरा ठासून सांगतो. बाण कुठे पडेल याची हमी कुणी देत नाही, आणि या दिवसांत आपल्या शिवारात, परसात कडब्याच्या गंजी आणि सोयाबीनचे ढीग उभे असतात. शंभर रुपयांच्या बाणापायी सालभराची वैरण गेलेली कुणाला परवडेल? आवाजाचे फटाकेही गोठ्याजवळ नकोत. बैल दावे तोडतो, दुभती म्हैस पान्हा चोरते.

आणलेले सगळे एकदम पोरांपुढे ठेवू नका. आधी माणसे मोजा, नग मोजा, तीन दिवसांच्या तीन पुड्या करा. फुलबाज्यांनी सुरुवात करावी, मग चक्रे, आणि प्रत्येक दिवशी मोठा भुईनळा शेवटी. दोन नळ्यांमध्ये मिनिटभर अंधार राहू द्यावा. अंधारानंतरचा नळा दुप्पट शोभतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

गुरुजींनी एक प्रयोग करून घ्यावा. लांब कुणी आवाजी फटाका उडवला की उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत पोरांनी सेकंद मोजावेत आणि त्यांना ३४० ने गुणावे. तेवढ्या मीटरवर फटाका उडाला. दुसऱ्याच्या पैशांनी पदार्थविज्ञान!

शेवटी बादलीभर पाणी आणि एक घमेले वाळू अंगणात आधीच आणून ठेवा. विझलेली फुलबाजीची तार बराच वेळ तापलेली असते, आणि अंधारात अनवाणी पोर नेमके तिच्यावर पाय देते. म्हणून प्रत्येक तार लगेच बादलीत टाकायची शिस्त लावा. भाजलेच तर वीसेक मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. शाई, हळद, दंतमंजन काही लावू नका. जखम मोठी असली किंवा डोळ्याला लागले तर रात्रीच दवाखाना गाठा. न उडालेला नळा पुन्हा पेटवायला जाऊ नका, लांबूनच त्यावर पाणी ओता. सकाळी पोरं उठण्याआधी अंगण आणि समोरचा रस्ता झाडून काढा, म्हणजे अर्धवट जळालेली दारू त्यांच्या खिशात जाणार नाही.